खुर्ची डळमळली की मोहीम? राघोबादादांची हकीकत आणि ठाण्याचा किल्ला

ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह म्हटलं की आपल्याला कोर्टाच्या तारखा आणि भेटीची रांग आठवते. पण त्या जाड भिंती मुळात एका किल्ल्याच्या आहेत. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला १७३७ साली मराठ्यांनी जिंकला आणि डिसेंबर १७७४ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. का गेला, हे समजायचं तर रघुनाथराव पेशवे ऊर्फ राघोबादादा यांची हकीकत बघावी लागते. सत्ता निसटू लागली की राज्यकर्ता लोकांचं लक्ष वळवायला युद्ध काढतो का, हा सवाल आज जगभर विचारला जातो. त्याचा एक जुना दाखला आपल्या जिल्ह्याशी जोडलेला आहे.

१७३४ साली जन्मलेले राघोबा हे पहिल्या बाजीरावांचे चिरंजीव आणि नानासाहेबांचे धाकटे भाऊ. लढाईत ते कच्चे नव्हते. १७५८ साली त्यांची फौज लाहोरला पोहोचली आणि तिथला कारभार त्यांनी आदिना बेग खान यांच्याकडे सोपवला.

नानासाहेबांनंतर पेशवाई मात्र पुतण्या माधवरावांना मिळाली. दादांना ते सहन झालं नाही. १७६२ साली त्यांनी हैदराबादच्या निजाम अलीची मदत घेऊन पुतण्याला नमवलं. पुढच्याच वर्षी राक्षसभुवनला ते त्याच निजामाविरुद्ध उभे होते. १७६८ साली धोडपला माधवरावांनी त्यांचा पराभव केला आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं.

माधवराव १७७२ मध्ये वारले, धाकटे नारायणराव पेशवे झाले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी शनिवारवाड्यातच त्यांचा खून केला. वय अवघं अठरा. दादा पेशवे झाले, पण न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी खुनाचा दोष त्यांच्याच माथी ठेवला आणि पद सोडलं.

मग दादांनी काय केलं? जबाब देण्याऐवजी फौज बाहेर काढली. आधी निजामावर, नंतर कर्नाटकात हैदर अलीच्या दिशेने. पैशाची ओढाताण होती, फौज पोसायची होती, हेही खरं. पण वेळ बघा. पुण्यात रक्ताचा हिशोब मागितला जात असताना जिंकून परतलो तर कोण विचारणार, असा तो डाव होता, असं आम्हाला वाटतं.

डाव फसला. कारभारी निरनिराळी निमित्तं काढून एकेक करत छावणीतून मागे फिरले. नाना फडणीस, सखारामबापू आणि त्यांच्या साथीदारांनी नारायणरावांच्या गरोदर पत्नी गंगाबाईंना पुरंदरावर नेलं आणि त्यांच्या नावाने कारभार सुरू केला. तेच हे बारभाईंचं कारस्थान. दादा घाईघाईने परतले, पंढरपूरजवळची लढाईही जिंकले, पण पुण्याला पोहोचू शकले नाहीत. एप्रिल १७७४ मध्ये गंगाबाईंना मुलगा झाला आणि दादांच्या पेशवाईचा आधारच गेला.

आता उरले इंग्रज. त्यांची नजर साष्टी आणि वसईवर आधीपासूनच होती. पेशवाई आपसात भांडताना बघून त्यांनी ठाण्याचा किल्ला घेऊन टाकला. मार्च १७७५ मध्ये सुरतेच्या तहात दादांनी साष्टी आणि वसई देण्याचं कबूल केलं. बदल्यात हवी होती फक्त गादी. पुढे १७८२ पर्यंत लढाया आणि तह चालूच राहिले. १७८० मध्ये कल्याण आणि वसई इंग्रजांच्या हाती पडली. सालबाईच्या तहाने लढाई थांबली, पण साष्टी, म्हणजे ठाणं, इंग्रजांकडेच राहिलं. दादांना मिळाला महिना पंचवीस हजारांचा तनखा. डिसेंबर १७८३ मध्ये कोपरगावला त्यांचा शेवट झाला.

या हकीकतीत एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तोच निजाम १७६२ मध्ये दोस्त, १७६३ मध्ये दुश्मन आणि १७७३ मध्ये पुन्हा दुश्मन. निजामाचा मजहब काही दर वर्षी बदलत नव्हता, दादांची गरज बदलत होती. अशा लढायांना धर्माचा रंग नंतर कुणीही देऊ शकतो. झळ मात्र कल्याणच्या, ठाण्याच्या साध्या माणसांना बसली, मग ते कुठल्याही मोहल्ल्यातले असोत.

म्हणून कुठल्याही मुलखात अचानक नगारे वाजू लागले, तर सीमेकडे बघण्याआधी घरात बघावं. त्या आवाजात कोणता सवाल बुडवला जातोय, एवढं तरी आपण आपल्या मुलांना विचारायला शिकवलं पाहिजे.