लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी

हेमचंद्र रामचंद्र अधिकारी यांचा जन्म ३१ जुलै १९१९ रोजी पुण्यात झाला. सेनाधिकारी असतानाच ते भारताकडून कसोटी क्रिकेट खेळले. १९४८ मध्ये दिल्लीत वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांनी नाबाद ११४ धावा काढल्या. १९५२ मध्ये तेथेच पाकिस्तानविरुद्ध गुलाम अहमद यांच्यासह शेवटच्या गड्यासाठी १०९ धावांची भागीदारी केली. सेनादलाच्या संघाला त्यांनी सलग दोनदा रणजी करंडकाच्या अंतिम फेरीत नेले.

लष्करी कर्तव्यामुळे त्यांच्या वाट्याला २१ कसोटीच आल्या. १९५८-५९ च्या मालिकेत तीन कर्णधार बदलल्यावर अखेरच्या सामन्यासाठी त्यांना बोलावणे आले. एकोणचाळिसाव्या वर्षी त्यांनी ६३ व ४० धावा केल्या, तीन बळी घेतले आणि सामना अनिर्णित राखला.

१९७१ च्या इंग्लंड दौऱ्यावर ते अजित वाडेकरांच्या संघाचे व्यवस्थापक होते. क्षेत्ररक्षण आणि तंदुरुस्ती यांवर त्यांचा कटाक्ष असे. ओव्हलवर चंद्रशेखरने सहा बळी घेतले, तर एकनाथ सोलकरने बॅटीजवळ झेपावून ॲलन नॉटचा झेल टिपला. इंग्लंडचा डाव १०१ धावांत आटोपला आणि २४ ऑगस्टला भारताने इंग्लंडमधील पहिला कसोटी विजय व मालिकाही जिंकली.

१९७४ च्या दौऱ्यावरही तेच व्यवस्थापक होते. तेव्हा लॉर्ड्सवर संघ ४२ धावांत बाद झाला आणि मालिका ०-३ अशी गेली. पराभवाने ते खेळापासून दुरावले नाहीत. सुनील गावस्कर, कपिल देव यांसारख्या खेळाडूंच्या जडणघडणीत त्यांचा वाटा आहे. २५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

छात्रांनो, बोलावणे केव्हाही येईल; आपली तयारी मात्र रोजची हवी.