विश्लेषण : पुराच्या पाण्यात बोट वळवणाऱ्या दांड्यामागचा माणूस... कोण होते ओले एव्हिनरूड?

पावसाळ्यात शहापूर तालुक्यातील भातसा धरणाचे दरवाजे उघडले किंवा मुरबाडमध्ये काळू नदी फुगली, की खालच्या गावांना सावधगिरीचा इशारा दिला जातो. भातसा नदी काळूला मिळते आणि काळू पुढे उल्हास नदीला. या पट्ट्यात पाणी वस्तीत शिरले, तर बचाव पथकांचा भर रबरी बोटी आणि त्यांच्या मागे अडकवलेल्या मोटारीवर असतो. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीदरम्यान अडकली होती. तेव्हा सुमारे १०५० प्रवाशांना सुखरूप बाहेर काढण्यात अशाच बोटींची मोठी मदत झाली. या मोटारीला एक छोटा दांडा असतो. बोटीची दिशा आणि वेग दोन्ही तोच ठरवतो. ही मोटार सामान्य माणसाला उचलता येईल, परवडेल आणि एका हाताने चालवता येईल इतकी सोपी करण्यात एका नॉर्वेजियन कारागिराचे आयुष्य गेले. त्यांचे नाव ओले एव्हिनरूड.

‘आउटबोर्ड मोटार’ म्हणजे काय?

मोठ्या बोटीत इंजिन आत, तळाशी पक्के बसवलेले असते. पाण्यातला पंखा एका दांड्याने त्याला जोडलेला असतो आणि वळण्यासाठी मागे वेगळे सुकाणू असते. आउटबोर्ड मोटारीत या साऱ्या गोष्टी एकाच उभ्या यंत्रात सामावतात. वर इंजिन, मधून खाली जाणारा उभा शाफ्ट, तळाशी काटकोनात फिरवणारे दातेरी चाक आणि त्यापुढे पंखा. हे यंत्र बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून शिकंजांनी अडकवायचे आणि काम झाले की काढून खांद्यावर घेऊन घरी न्यायचे. त्याला पुढे, म्हणजे बोटीच्या आतल्या बाजूला जो दांडा असतो, त्याला टिलर म्हणतात. भाताच्या खाचरात चालणाऱ्या पॉवर टिलरचा याच्याशी अर्थाने संबंध नाही. पण दोन्हीकडे यंत्राचा सगळा जोर शेवटी माणसाच्या मुठीत येतो, हे साम्य आहे.

एव्हिनरूड यांचे बालपण कसे होते?

त्यांचा जन्म १९ एप्रिल १८७७ रोजी नॉर्वेत झाला. ते पाच वर्षांचे असताना कुटुंब अमेरिकेत स्थलांतरित झाले आणि विस्कॉन्सिन राज्यात, केंब्रिज या गावाजवळ, लेक रिप्ली तलावाच्या परिसरात शेती करू लागले. ओले यांचे शालेय शिक्षण अगदी थोडे झाले. मात्र यंत्र आणि पाणी या दोन गोष्टींचे वेड लहानपणीच लागले. किशोरवयात त्यांनी स्वतःच्या हाताने शिडाची होडी बांधली. मुलाने शेतात राबावे, असे वडिलांना वाटे, त्यामुळे घरातून या उद्योगाला विरोध होता, असे सांगितले जाते.

सोळाव्या वर्षी ते मॅडिसन शहरात आले आणि शेतीच्या यंत्रांच्या दुकानात काम करू लागले. दिवसा काम, रात्री अभियांत्रिकीची पुस्तके, असा क्रम होता. पुढे पिट्सबर्ग आणि शिकागो येथील कारखान्यांत त्यांनी यंत्रकाम शिकले. मिलवॉकीत ते नमुना-कारागीर म्हणून नावाजले. लोखंडाचा भाग ओतण्याआधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो. त्या कामात मिलिमीटरची चूकही चालत नाही. यंत्राचा प्रत्येक भाग हाताने घडवून पाहण्याची ही सवय पुढे त्यांच्या फार उपयोगी पडली.

आइस्क्रीमची कथा काय आहे?

एव्हिनरूड यांचे नाव निघाले, की ही गोष्ट निघतेच. १९०६ च्या उन्हाळ्यात ते बेस कॅरी आणि मित्रमंडळींसह तलावाकाठी सहलीला गेले होते. बेस यांना आइस्क्रीम खावेसे वाटले. ओले होडी घेऊन निघाले आणि सुमारे चार किलोमीटर वल्हवत पलीकडच्या काठावर पोहोचले. कडक उन्हात परत येईपर्यंत आइस्क्रीम वितळून गेले होते आणि वल्ही मारून हात भरून आले होते. होडीला मोटार असती तर, हा विचार तेव्हा पक्का झाला, असे सांगतात.

गोष्ट गोड आहे, तरी ती तपशिलांसह घासूनपुसून सांगितली गेली असावी. ओले त्याआधी काही वर्षे पेट्रोल इंजिनेच बनवत होते. १९०० मध्ये त्यांनी भागीदारीत इंजिनांचा व्यवसाय सुरू केला होता. त्यानंतरच्या एक-दोन भागीदाऱ्या फसल्या. म्हणजे छोटे इंजिन कसे करायचे, हे त्यांना ठाऊक होते. ते होडीला कसे लावायचे, एवढाच प्रश्न उरला होता.

मग ही मोटार पहिल्यांदा त्यांनीच शोधली का?

नाही. फ्रान्समध्ये ग्युस्ताव्ह त्रुवे यांनी १८८१ मध्येच सेन नदीवर विजेवर चालणारी, काढता-घालता येणारी मोटार होडीच्या सुकाणूवर बसवून दाखवली होती. अमेरिकेत डेट्रॉइटच्या कॅमेरॉन वॉटरमन यांनी एव्हिनरूड यांच्या आधी पेट्रोलवरची आउटबोर्ड मोटार बाजारात आणली. त्यांना १९०७ मध्ये पेटंटही मिळाले. एव्हिनरूड यांचे श्रेय पहिलेपणात नाही. साध्या माणसाला विकत घेता येईल, भरवशाने चालेल आणि मोठ्या संख्येने बनवता येईल असे यंत्र त्यांनी उभे केले, हे त्यांचे काम.

१९०९ मध्ये त्यांची मोटार विक्रीस आली. एकच सिलिंडर, दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड म्हणजे सुमारे २८ किलो आणि किंमत ६२ डॉलर. सिलिंडर आडवा, क्रँकशाफ्ट उभा आणि माथ्यावर आडवे फिरणारे जड चाक, अशी रचना होती. इंजिन उभ्या शाफ्टवर तोलण्याची ही मांडणी आजच्या आउटबोर्ड मोटारीतही दिसते. मोटार चालू करण्यासाठी माथ्यावरच्या चाकाला लाकडी मूठ होती. ती हाताने गरकन फिरवायची. इंजिनाने पेट घेतला, की चाकासोबत तीही फिरू लागे आणि हात वेळेत मागे घेतला नाही तर बोटांची सालटी निघत. यंत्र चालले तरी ते हाताला सोसणारे नव्हते. पुढची पंचवीस वर्षे या व्यवसायातल्या सगळ्यांची धडपड याच प्रश्नाभोवती राहिली.

बेस यांचा वाटा किती?

जवळजवळ निम्मा. बेस यांनी व्यापारी शिक्षण घेतले होते. १९०६ मध्ये त्यांचा ओले यांच्याशी विवाह झाला. नवऱ्याने बनवलेली मोटार पहिल्यांदा पाहून त्यांना ती कॉफी दळायच्या यंत्रासारखी वाटली, असे सांगतात. पण एका मित्राने ती मोटार चालवून पाहण्यासाठी नेली आणि येताना दहा जणांची मागणी व रोख पैसे घेऊन आला. तेव्हा धंदा उभा राहू शकतो, हे दोघांच्या लक्षात आले. त्यानंतर पत्रव्यवहार, हिशेब आणि जाहिराती बेस यांनी सांभाळल्या. वल्ही फेकून द्या आणि मोटार घ्या, अशा आशयाची त्यांची जाहिरात अमेरिकाभर गाजली. परदेशातून, विशेषतः स्कँडिनेव्हियातील मच्छीमारांकडून मोठी मागणी आली. शिकागोचे टगबोट व्यावसायिक ख्रिस मेयर यांनी ५००० डॉलर गुंतवून निम्मी भागीदारी घेतली. १९११ मध्ये ओले यांना पेटंट मिळाले.

कंपनी ऐन भरात असताना का विकली?

कामाच्या ताणाने बेस यांची प्रकृती ढासळली. १९१४ च्या सुमारास ओले यांनी आपला वाटा मेयर यांना विकला आणि पाच वर्षे याच व्यवसायात न उतरण्याचे मान्य केले. स्वतःच्या नावाची कंपनी दुसऱ्याच्या हाती सोपवून ते पत्नी आणि मुलगा राल्फ यांच्यासह प्रवासाला निघाले.

पण ओले यांचा हात थांबला नाही. या काळात त्यांनी दोन सिलिंडरची, मुख्यतः अॅल्युमिनियमची नवी मोटार तयार केली. ती तीन अश्वशक्तीची होती, म्हणजे ताकद दुप्पट. वजन मात्र सुमारे २२ किलो, म्हणजे जुन्या मोटारीपेक्षा सहा किलोंनी कमी. समोरासमोरच्या दोन सिलिंडरमुळे हादरेही कमी बसत. करार संपल्यावर ओले यांनी ती आधी मेयर यांनाच देऊ केली. मेयर यांनी नकार दिला. मग १९२१ मध्ये एव्हिनरूड दाम्पत्याने ‘एल्टो’ नावाने नवी कंपनी काढली. आपलेच आडनाव लावलेल्या जुन्या कंपनीशी त्यांना बाजारात झुंजावे लागले.

सुकाणू की फिरणारी मोटार?

याच दशकात बोट वळवण्याच्या दोन पद्धतींची स्पर्धा रंगली. एल्टोच्या काही मोटारी फळीवर स्थिर राहत आणि पंख्यामागे जोडलेले सुकाणूचे पाते वळवून बोटीची दिशा बदलली जाई. या पद्धतीत हाताला इंजिनाचा जोर फारसा जाणवत नाही. इंडियानातील जॉन्सन बंधूंनी वेगळी वाट धरली. त्यांची मोटार सुमारे १६ किलोंची होती आणि ती दांड्यासह पूर्ण गोल फिरे. मोटार उलटी फिरवली, की बोट मागेही जाई.

फरक कळायला सोपा आहे. सुकाणूचे पाते पाणी त्यावर आदळले तरच काम करते. वेग कमी झाला, की त्याचा प्रभावही ओसरतो. पंखाच वळवला, तर रेटा हवा त्या दिशेने मिळतो. बोट जागेवर उभी असली तरी ती वळते. पुरात घराच्या ओसरीला बोट लावताना किंवा झाडाला धरून बसलेल्या माणसाजवळ हळू जाताना हाच गुण जीव वाचवतो. पुढे फिरणारी मोटारच रूढ झाली. एव्हिनरूड यांनी मोटार हलकी केली, तर ती हाताच्या पूर्ण ताब्यात आणण्याच्या कामात प्रतिस्पर्ध्यांचा वाटा मोठा होता.

आजच्या दांड्यात काय काय असते?

* उलटी दिशा : दांडा उजवीकडे ढकलला, की पंखा डावीकडे जातो, बोटीचा मागचा भाग उजवीकडे सरकतो आणि नाक डावीकडे वळते. नवशिक्याची पहिली चूक इथेच होते.
* लांबी : दांडा लांब असेल तर जोर कमी लागतो, पण तो वळवायला बोटीत जागा जास्त लागते. आखूड असेल तर हात लवकर भरून येतो. छोट्या बोटीत या दोहोंचा मेळ घालावा लागतो.
* मूठ : मोटारसायकलसारखी पिळायची मूठ वेग ठरवते. त्यामुळे दिशा आणि वेग एकाच हातात राहतात आणि दुसरा हात मदतीला मोकळा होतो. मुठीवरचे रबर हादरे शोषते.
* ओढ : पंखा एकाच दिशेने फिरत असल्याने दांडा एका बाजूला ओढला जातो. ती ओढ कमी करण्यासाठी पंख्याजवळ एक लहान पाते आणि दांड्याच्या सांध्यावर घट्टपणा कमी-जास्त करणारा स्क्रू असतो.
* सुरक्षा दोरी : चालक पाण्यात पडला आणि दांडा मोकळा सुटला, तर बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येऊ शकते. म्हणून चालकाच्या मनगटाला किंवा जॅकेटला दोरी बांधतात. ती सुटली, की इंजिन बंद पडते.
* उचलण्याची सोय : पाण्याखाली खडक किंवा झाडाचा बुंधा लागला, तर मोटार मागे उचलली जाते. अनेक लहान मोटारींत पंख्याची छोटी पिन तुटते आणि दातेरी चाके वाचतात.

एव्हिनरूड यांची अखेर कशी झाली?

१९२९ मध्ये उद्योजक स्टीफन ब्रिग्ज यांच्या पुढाकाराने एल्टो, जुनी एव्हिनरूड कंपनी आणि लॉकवुड यांचे विलीनीकरण झाले. ओले अध्यक्ष झाले आणि विकलेले नाव पुन्हा त्यांच्याकडे आले. पण त्याच वर्षी जागतिक मंदी सुरू झाली आणि त्यांची शेवटची वर्षे कंपनी तगवण्यात गेली. १९३३ मध्ये बेस यांचे निधन झाले. त्यानंतर वर्षभराने, १२ जुलै १९३४ रोजी, मिलवॉकीत ओले यांनी जगाचा निरोप घेतला. ते ५७ वर्षांचे होते. मुलगा राल्फ यांनी धुरा घेतली आणि १९३६ मध्ये प्रतिस्पर्धी जॉन्सन कंपनीही याच समूहात आली.

हा समूह २००० मध्ये दिवाळखोरीत गेला. नवीन मालकांनी एव्हिनरूड मोटारींचे उत्पादन काही वर्षे चालू ठेवले आणि २०२० मध्ये थांबवले. कंपनी संपली, पण मांडणी टिकली. कोकण किनाऱ्यावरच्या लहान मच्छीमार होड्यांपासून बचाव पथकांच्या रबरी बोटींपर्यंत सर्वत्र ती दिसते. मोटार कोणत्याही देशातल्या, कोणत्याही नावाच्या कंपनीची असो, तिची किंमत आणि अश्वशक्ती कागदावर कळते. ती खरोखर किती कामाची, हे मात्र तिचा दांडा धरून पाण्यात उतरणाऱ्याच्या सरावावर ठरते. त्यामुळे पूरप्रवण तालुक्यांत बोट आणि मोटार घेऊन ठेवणे पुरेसे नाही. पावसाळ्याआधी शांत पाण्यात दांडा हाताळण्याचा सराव, पेट्रोल आणि पिनची तपासणी आणि सुरक्षा दोरी बांधण्याची सवय या गोष्टी तितक्याच गरजेच्या आहेत.