लोखंडी नांगर

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर हे गाव मराठी माणसाला ठाऊक आहे ते संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्यामुळे. त्याच गावात, त्याच घराण्यात २० जून १८६९ रोजी लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म झाला. शाळेच्या पुस्तकांत या मुलाचे मन रमत नसे. चित्रे काढणे आणि हाती लागेल ती यांत्रिक वस्तू खोलून पाहणे हे त्याचे दोन छंद होते. ते वाया जाण्याचे लक्षण आहे, असे त्या काळच्या वडीलधाऱ्यांना वाटले, तर त्यात नवल नाही. थोरल्या भावाच्या पाठिंब्यावर लक्ष्मणराव १८८५ साली मुंबईला गेले आणि सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

दोन वर्षांनी एक विचित्र अडचण उभी राहिली. काही रंगांमधील फरक त्यांच्या डोळ्यांना कळत नव्हता. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणाला याहून मोठा आघात कोणता? लक्ष्मणरावांनी रंग बाजूला ठेवले, पण रेषा सोडली नाही. यंत्रांची रेखाचित्रे काढण्यात ते निष्णात झाले आणि नव्यानेच निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे शिक्षक म्हणून रुजू झाले. शिकवण्याच्या वेळेबाहेर ते संस्थेच्या कार्यशाळेत रेंगाळत, यंत्रे हाताळत, अमेरिकेहून येणारी यंत्रविद्येची मासिके वाचत. वाचलेली गोष्ट स्वतः करून पाहायची, ही सवय त्यांना येथेच जडली. पुढच्या आयुष्यात भांडवलापेक्षा तीच अधिक कामी आली, असे म्हणावे लागेल.

त्या काळात सायकल ही नवलाची वस्तू होती. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि त्यांचे बंधू रामूअण्णा बेळगावात त्या विकत. घेणाऱ्याला चालवायलाही शिकवीत. १८८८ साली सुरू झालेल्या या लहानशा दुकानाला त्यांनी ‘किर्लोस्कर बंधू’ असे नाव दिले. पुढे मुंबईच्या संस्थेत बढतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले.

सायकली विकून संसार चालला असता. परंतु दुसऱ्याने बनविलेली वस्तू विकण्यात त्यांना समाधान नव्हते. भोवतालचा देश शेतकऱ्यांचा होता आणि शेतकऱ्यांची अवजारे शेकडो वर्षांत बदलली नव्हती. प्रथम त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले. अख्खा कडबा टाकला की जनावरे पाला खातात आणि जाड बुडखे तुडवून टाकतात. बारीक कुट्टी केली की तोच चारा अधिक दिवस पुरतो. ही गोष्ट डोळ्यांना दिसणारी असल्यामुळे पटण्यास सोपी होती.

नांगराचे तसे नव्हते. लाकडी नांगर जमीन उकरतो, पण उलथीत नाही. त्यामुळे काळ्या रानात खोल गेलेली हरळी आणि कुंदा त्याला दाद देत नाहीत. लोखंडी नांगराचा फाळ खोल जातो आणि त्याच्या मागचा वक्र पत्रा मातीचा पट्टा उचलून पालथा घालतो. तणाची मुळे उन्हात उघडी पडून वाळतात. विदेशी नांगरांचा अभ्यास करून लक्ष्मणरावांनी आपल्या मातीला आणि आपल्या बैलांना साजेसा नांगर तयार केला. पण तो घ्यायला कोणी येईना! लोखंडाच्या स्पर्शाने जमीन विषारी होते, तिचा कस जातो, अशी समजूत शेतकऱ्यांत दृढ होती. पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली.

ही दोन वर्षे त्यांच्या चरित्रातील खरी कसोटीची वर्षे होत. गाठीला पैसा थोडा, कामगारांचे पगार चुकत नाहीत आणि तयार माल कारखान्यात पडून आहे, अशा वेळी गिऱ्हाइकाच्या अज्ञानाला दोष देणे सर्वांत सोपे असते. परंतु शेतकऱ्याची भीती मूर्खपणाची नव्हती. ज्याचे वर्षाचे पोट एका हंगामावर अवलंबून आहे, त्याने नव्या अवजारावर जमीन पणाला का लावावी? नांगर रानात चालवून दाखविणे हाच त्यावर एक उपाय होता. तण गेलेले रान शेजाऱ्याने पाहिले की शब्दांची गरज उरत नसे. हळूहळू मागणी वाढू लागली.

तेवढ्यात दुसरे संकट आले. शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा सोडण्याचा हुकूम बेळगावच्या नगरपालिकेने दिला. भट्टी, यंत्रे, माणसे घेऊन जायचे कोठे? त्या सुमारास औंध येथे सभामंडप बांधण्याचे काम लक्ष्मणरावांकडे होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः उत्तम चित्रकार आणि गुणांचे पारखी होते. त्यांनी कुंडल रोड या आडबाजूच्या रेल्वे स्टेशनाजवळ ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज देऊ केले. ती जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला, सापांनी गजबजलेला उजाड माळ होता. १० मार्च १९१० रोजी सुमारे २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे तेथे उतरली. किर्लोस्करवाडीचा आरंभ तो असा.

माणसे निवडण्याची लक्ष्मणरावांची रीत निराळीच होती. प्रमाणपत्रापेक्षा ते हात आणि वृत्ती पाहत. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर येथे कल्पक यंत्रकार झाले; लेखनिक मंगेशराव रेगे यांनी हिशेबाची धुरा सांभाळली; शंभूअण्णा जांभेकर यांनी यंत्रांचा भार उचलला; वसाहतीची आखणी रामूअण्णांनी केली. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्या दोघांना लक्ष्मणरावांनी चक्क रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले आणि त्यांनी तो विश्वास सार्थ केला. वाडीत अस्पृश्यता पाळण्यास बंदी होती. १९१० च्या सुमारास हे करणे लोखंड वितळविण्याहून कठीण होते.

पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारे लोखंड मिळेनासे झाले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून त्यांचे नांगर करण्यात आले. ऊस गाळण्याचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, हातपंप असा माल वाढत गेला. १९२० साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ ही कंपनी नोंदविली गेली. त्याच वर्षी त्यांचे पुतणे शंकरराव यांनी वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक सुरू केले; पुढे त्याचेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि सुशिक्षित मराठी घरांत पोहोचले. पुत्र शंतनुराव अमेरिकेतून यंत्रविद्येची पदवी घेऊन १९२६ साली परतले आणि उद्योग नव्या दिशांनी पसरू लागला. १९४६ साली पुण्यात तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा आणि बंगळूरमध्ये विजेच्या यंत्रांचा उद्योग उभा राहिला.

१९४८ च्या आरंभी, गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत जमावाने किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावली. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. ज्या माळावर त्यांनी निवडुंग तोडून भिंती उभ्या केल्या होत्या, तेथे आता राख होती. कारखाना पुन्हा उभा राहिला आणि यंत्रे पुन्हा फिरू लागली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त २० जून १९६९ रोजी भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. कुंडल रोड हे नाव रेल्वेच्या वेळापत्रकातून गेले असून पुणे ते मिरज मार्गावरील ते स्टेशन आता किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाते.