विजेच्या दिव्याचा उजेड आणि जॉर्ज ओम

विद्युद्घटाला एक लहानसा दिवा जोडला तर तो लख्ख पेटतो. त्याच तारेंत त्याच्यापुढें तसाच दुसरा जोडला कीं दोन्ही मंद होतात. मध्यें लांब, बारीक तार घातली तर उजेड आणखी उतरतो. हा खेळ आमच्या विद्यार्थ्यांनीं शास्त्राच्या वर्गांत पुष्कळदां पाहिला आहे. परंतु त्यामागचा नियम ज्यानें शोधून काढिला, त्या जॉर्ज सायमन ओमच्या हयातींत असे दिवे घरोघर पोंचलेच नव्हते.

ओमचा जन्म १६ मार्च १७८९ रोजीं जर्मनींतील एर्लांगेन येथें झाला. बाप कुलुपें करणारा कारागीर; पण त्यानें स्वतःच गणित शिकून तें मुलांनाहि शिकविलें. आई मुलगा दहा वर्षांचा असतांनाच वारली. विद्यापीठांत गेल्यावर चिरंजीव नाच, बिलियर्ड आणि बर्फावर घसरणें ह्यांतच रमले, तेव्हां संतापलेल्या बापानें शिक्षण थांबवून त्यास स्वित्झर्लंडमध्यें शिक्षकाच्या नोकरीवर धाडिलें. पालकवर्गानें ही हकीकत अवश्य ध्यानांत घ्यावी! पुढें १८११ मध्यें ओमनें डॉक्टरची पदवी मिळविली.

१८१७ मध्यें तो कोलोन येथील शाळेंत शिक्षक झाला. तेथें उपकरणें चांगलीं होतीं, व कारागिराच्या घरांत वाढलेल्या ह्या मास्तराला हत्यारांचें भय नव्हतें. वर्ग सुटल्यावर तो प्रयोग करी. प्रथम विद्युद्घटानें त्याला फार छळिलें. मोजतां मोजतांच त्याचा जोर उतरे. तेव्हां त्यानें तांबें व बिस्मथ ह्यांचे सांधे घेऊन एक उकळत्या पाण्यांत व दुसरा बर्फांत ठेविला. आतां दाब स्थिर राहिला. मग सारख्या जाडीच्या आठ तांब्याच्या तारा, दोन इंचांपासून १३० इंचांपर्यंत, त्यानें एकामागून एक जोडून पाहिल्या, आणि टांगलेल्या चुंबकसूचीच्या साहाय्यानें प्रवाह मोजला. दाब दुप्पट तर प्रवाह दुप्पट. विरोध दुप्पट तर प्रवाह निम्मा, हा नियम हातीं आला. (दोन दिव्यांचा हिशेब मात्र अगदीं निम्म्यावर येत नाहीं, मंद दिव्याची तार कमी तापते व तिचा विरोधहि घटतो.)

१८२७ मध्यें त्यानें हें सारें ग्रंथरूपानें मांडिलें. पंडितांनीं त्याचें फारसें स्वागत केलें नाहीं. आशाभंग होऊन १८२८ मध्यें त्यानें नोकरीच सोडली व कित्येक वर्षें किरकोळ शिकवण्यांवर काढिलीं. तो अविवाहित होता म्हणूनच हें निभावलें असावें, असें आम्हां शिक्षकांस वाटल्यावांचून राहत नाहीं.

१८३३ मध्यें न्यूरेंबर्गला जागा मिळाली. १८४१ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीनें कोप्ले पदक दिलें; म्युनिकला प्राध्यापकपद मिळालें तें १८५२ मध्यें, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षीं. ६ जुलै १८५४ रोजीं तो वारला. १८८१ मध्यें पॅरिसच्या विद्युत्परिषदेनें विरोधाच्या मापास त्याचें नांव दिलें. आमच्या प्रयोगशाळेंतील विरोधपेटीच्या प्रत्येक खुंटीशीं जो आंकडा आहे, तो ओममध्येंच आहे.