पाफनूती चेबिशेव
पाफनूती ल्वोविच चेबिशेव (१६ मे, १८२१ - ८ डिसेंबर, १८९४) हे रशियन गणितज्ञ होते. संख्या सिद्धान्त, संभाव्यता आणि यंत्ररचना या विषयांबरोबरच फलनांच्या आसन्न मूल्यांच्या सिद्धान्तासाठी ते ओळखले जातात. संगणकावरील त्रिकोणमितीय फलनांच्या गणनेमागे याच सिद्धान्ताचा आधार आहे.

जीवन

चेबिशेव यांचा जन्म कालुगा प्रांतातील ओकातोवो या गावी झाला. त्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असल्याने सैनिकी पेशा त्यांना शक्य नव्हता. १८४१ मध्ये त्यांनी मॉस्को विद्यापीठाची पदवी मिळवली. १८४७ पासून १८८२ पर्यंत त्यांनी सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात अध्यापन केले. आंद्रे मार्कोव्ह आणि अलेक्झांडर ल्यापुनोव्ह हे त्यांचे शिष्य होत.

कार्य

१८५२ मध्ये पश्चिम युरोपच्या प्रवासात चेबिशेव यांनी अनेक यंत्रांचा अभ्यास केला. जेम्स वॉट यांच्या वाफेच्या एंजिनातील दांड्यांची जोडणी दट्ट्याला जवळजवळ सरळ रेषेत चालवत असे. तथापि थोडे विचलन उरतच असे. हे विचलन संपूर्ण मार्गावर कमीत कमी कसे ठेवता येईल, या प्रश्नातून त्यांचा १८५४ मधील प्रसिद्ध निबंध आणि पुढे त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बहुपदी निर्माण झाल्या.

टेलर श्रेढीची मोजकी पदे घेतल्यास मध्यबिंदूजवळ उत्तर अतिशय अचूक येते, परंतु टोकांकडे त्रुटी वाढत जाते. चेबिशेव यांच्या पद्धतीत सर्वांत मोठी त्रुटी लहानात लहान केली जाते. त्यामुळे ती संपूर्ण अंतरालावर समप्रमाणात विभागली जाते. असे सहगुणक काढण्याची रीत सोव्हिएत गणितज्ञ येव्हगेनी रेमेझ यांनी १९३४ मध्ये मांडली.

प्रभाव

सी भाषेच्या गणिती संग्रहात साइनचे मूल्य काढताना प्रथम कोन −४५ ते ४५ अंशांच्या मर्यादेत आणला जातो व नंतर बहुपदी वापरली जाते. सन मायक्रोसिस्टिम्सच्या एफडीलिबएम या संग्रहात ही बहुपदी १३ व्या घाताची आहे. टेलर श्रेढीत घनपदाचा सहगुणक −१/६ असतो. या संग्रहातील सहगुणक मात्र सोळाव्या दशांश स्थळी त्याहून वेगळा आहे. हा फरक चुकीने आलेला नसून संपूर्ण अंतरालावरील त्रुटी आटोक्यात राहावी म्हणून मुद्दाम ठेवलेला आहे.

चेबिशेव यांचे सेंट पीटर्सबर्ग येथे निधन झाले.