जॉन फ्रॉस्ट

मेजर जनरल जॉन डटन फ्रॉस्ट (३१ डिसेंबर, इ.स. १९१२:पुणे, ब्रिटिश भारत - २१ मे, इ.स. १९९३:वेस्ट ससेक्स, इंग्लंड) हे ब्रिटिश सैन्याच्या पॅराशूट रेजिमेंटमधील अधिकारी होते. दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्समधील आर्नहेम येथील पुलाचे उत्तर टोक त्यांनी अत्यल्प सैन्यानिशी राखले. त्यांची कीर्ती मुख्यतः या लढाईमुळे आहे.

सुरुवातीचे जीवन

फ्रॉस्ट यांचे वडील ब्रिटिश भारतीय सैन्यात अधिकारी होते. सँडहर्स्ट येथे शिक्षण घेऊन फ्रॉस्ट १९३२मध्ये कॅमेरोनियन्स पलटणीत दाखल झाले. पुढे इराकमध्ये असताना तेथील शिकार मंडळाने त्यांना तांब्याचे शिंग भेट दिले. विमानातून उतरल्यावर विखुरलेल्या सैनिकांना एकत्र बोलावण्यासाठी ते हेच शिंग फुंकत.

छत्रीधारी सैन्यात

१९४१मध्ये ते छत्रीधारी सैन्यात आले. फेब्रुवारी १९४२मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरील ब्रुनेव्हाल येथे सुमारे १२० सैनिकांसह रात्री उतरून त्यांनी जर्मन रडारचे महत्त्वाचे भाग काढून आणले. त्यासाठी त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला.

नोव्हेंबर १९४२मध्ये ट्युनिसियातील औद्ना विमानतळावरील विमाने नष्ट करण्यासाठी त्यांच्या बटालियनला शत्रूप्रदेशात उतरविण्यात आले. तेथे विमानेच नव्हती आणि ज्या सैन्याने येऊन मिळायचे होते त्याची आगेकूच थांबली होती. लढत, पायी माघार घेताना त्यांनी अडीचशेहून अधिक माणसे गमावली. पुढे सिसिलीतील प्रिमोसोले पुलाच्या लढाईतही मुख्य सैन्य वेळेत पोचले नाही. आर्नहेमचे संकट त्यांना सर्वस्वी अनोळखी नव्हते, ते यामुळेच.

आर्नहेम

१७ सप्टेंबर, १९४४ रोजी ब्रिटिश सैन्य पुलापासून बरेच दूर, शहराच्या पश्चिमेस उतरले. ऱ्हाइनच्या काठाने चालत फ्रॉस्ट यांची तुकडी सायंकाळी पुलाच्या उत्तर टोकाशी पोचली. इतर तुकड्यांना जर्मनांनी वाटेतच अडविले. संपूर्ण डिव्हिजनने सुमारे दोन दिवस राखावयाचा पूल जेमतेम ७४० जणांच्या वाट्याला आला. दक्षिण टोक जर्मनांच्या हाती राहिले व बिनतारी संच नीट चालेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दक्षिणेकडून पुलावर घुसलेल्या चिलखती गाड्या त्यांनी उद्ध्वस्त केल्या. त्यानंतर जर्मनांनी रणगाडे व तोफांनी आसपासची घरे एकेक करून पाडली, पेटविली. तळघरे जखमींनी भरली. दारूगोळा, पाणी संपत आले. २० तारखेस फ्रॉस्ट स्वतः पायांना जखमी झाले. त्या सायंकाळी जखमींना जर्मनांच्या स्वाधीन करण्यासाठी अल्पकाळ लढाई थांबविण्यात आली आणि फ्रॉस्ट युद्धकैदी झाले. उरलेल्यांनी २१ तारखेच्या पहाटेपर्यंत झुंज दिली. मदतीस येणारे रणगाडे पुलापर्यंत पोचलेच नाहीत. हा दोष योजनेचा होता, पूल राखणाऱ्यांचा नव्हे.

उत्तरायुष्य

१९४५मध्ये त्यांची मुक्तता झाली. डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर हा सन्मान त्यांना ट्युनिसिया व आर्नहेम येथील कामगिरीसाठी असा दोनदा लाभला. निवृत्तीनंतर त्यांनी इंग्लंडमध्ये गुरे पाळून शेती केली. 'अ ब्रिज टू फार' (१९७७) या चित्रपटात त्यांची भूमिका अँथनी हॉपकिन्स यांनी केली. त्यांचे 'अ ड्रॉप टू मेनी' हे आत्मकथन १९८०मध्ये प्रकाशित झाले.

मूळ पूल १९४४मध्येच दोस्तांच्या बाँबहल्ल्यात नष्ट झाला. त्याच जागी युद्धानंतर बांधलेल्या पुलाला आर्नहेमवासीयांनी फ्रॉस्ट यांच्या हयातीतच त्यांचे नाव दिले.