कामगारांच्या आजाराचं मूळ कारखान्यात शोधणाऱ्या डॉ. ॲलिस हॅमिल्टन

साल १९१०. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात रंगाच्या, बॅटरीच्या आणि बाथटबला एनॅमल चढवणाऱ्या कारखान्यांतले कामगार आजारी पडत होते. पोटात कळा यायच्या, मनगटं लुळी पडायची. दोष मात्र कामगारांनाच दिला जायचा. हे लोक दारू पितात, हात न धुता जेवतात, असं सांगून विषय मिटवला जायचा.

खरं कारण होतं शिसं. पण किती कामगारांना शिशाची बाधा झाली, याची सरकारकडे नोंदच नव्हती. ती शोधायचं काम राज्याने डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांच्याकडे दिलं.

१८६९ साली जन्मलेल्या ॲलिस १८९३ मध्ये डॉक्टर झाल्या. पुढे त्या शिकागोच्या गरीब वस्तीतल्या हल हाऊस या संस्थेत राहायला गेल्या. शेजारी सगळे कामगार. त्यांचे आजार ॲलिस रोज बघत होत्या.

कारखान्यात जबरदस्तीने शिरायचा अधिकार त्यांना नव्हता. परवानगी मिळेल तिथे त्या आत जायच्या. मग हॉस्पिटलची रजिस्टरं चाळायच्या, औषध दुकानदारांना विचारायच्या, थेट कामगारांच्या घरी जायच्या. हिरड्यांवरची काळसर रेघ ही शिशाच्या विषबाधेची खूण. अशी पक्की खूण असेल तरच त्या केस मोजायच्या.

नॅशनल लेड कंपनीचे एडवर्ड कॉर्निश यांना आपल्या कारखान्यात विषबाधा होते हे पटेना. ॲलिस यांनी २२ कामगारांच्या नोंदी पुढे ठेवल्या. कॉर्निश यांनी ते मान्य केलं आणि कारखान्यात सुधारणा केल्या.

पाहणीत ५७८ केसेस सापडल्या. हाताला लागलेल्या शिशापेक्षा श्वासावाटे जाणारी धूळ आणि वाफ जास्त घातक, हे त्यांनी दाखवून दिलं. १९११ मध्ये इलिनॉयने कायदा केला. धोकादायक कामातल्या कामगारांची दर महिन्याला तपासणी आणि आजार आढळला की सरकारला कळवणं सक्तीचं झालं.

१९१९ मध्ये हार्वर्डने त्यांना नेमलं. तिथल्या त्या पहिल्या महिला प्राध्यापक. पण पदवीदानाच्या मिरवणुकीत त्यांना जागा नव्हती आणि १९३५ मध्ये निवृत्त होईपर्यंत बढतीही मिळाली नाही.

सप्टेंबर १९७० मध्ये, वयाच्या १०१ व्या वर्षी त्या गेल्या. त्यानंतर तीनच महिन्यांनी अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेचा आणि आरोग्याचा देशव्यापी कायदा झाला.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा काय दुखतंय त्यासोबत काम काय करता, हेही आवर्जून सांगा.